व्याह्यांचं बोलोन्या

इटलीतल्या बोलोन्या नावाच्या शहरात लेकराबाळांना घेऊन कुठे जेवायला बसावं, हे सबंध नवी मुंबईत एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस माझा व्याही आहे. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात, आणि कुणी विचारण्याची वाटही बघत नाहीत. मागे एकदा सीवूड्सला आमच्या सोसायटीखालच्या औषधांच्या दुकानात ते माझ्याबरोबर आले होते. दुकानदार बिचारा सहज बोलून गेला की सुट्टीत बायकामुलांना घेऊन युरोपला चाललोय. झालं! मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि आमचे व्याही काउंटरवर कोपर टेकून सांगतायत, "मोठ्या चौकाचे मागं गल्ली हाय बघा. तिथं पोरांना रंगाच्या कांड्या देतान. पोरं टेबलावरचे कागदावर चित्रं काढतान, कोन वरडत नाय." दुकानदार हळूच म्हणाला, "काका, आम्ही स्वित्झर्लंडला चाललोय." व्याही जरासुद्धा विचलित झाले नाहीत. म्हणाले, "मग काय झाला? जेवाला बोलोन्याला जावा."

हे गृहस्थ मूळचे उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावातले. पूर्वी भातशेती होती, आता भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत आणि कंटेनरच्या कामात दोन गाड्या फिरतात. आम्ही साताऱ्याकडची मास्तर मंडळी, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. माझ्या लेकीचं आणि त्यांच्या लेकाचं खारघरच्या कॉलेजात जमलं म्हणून ओळख झाली, नाहीतर आमची गाठ पडायचं कारण नव्हतं. मला ते 'ईहीनबाय' म्हणतात, म्हणजे विहीणबाई. पांढरा शर्ट, पांढरी पँट, मानेला रुमाल, आणि खुर्ची कितीही भारी असो, एक पाय वर दुमडून घेतल्याशिवाय त्यांना घास गिळवत नाही. हॉटेलात शिरायची त्यांची एक पद्धत आहे. आम्हा सगळ्यांना गाडीत बसवून ठेवायचं आणि आधी एकट्याने आत जाऊन पाहणी करायची. वर फॅमिली रूम आहे का? पाणी कोमट मागितलं तर वेटर तोंड वाकडं करतो का? कडेवरच्या पोराकडे बघून हसतो का? एवढं पास झालं की मग दारातून रुमाल हलवायचा, "या, फॅमिलीवाला हाय!" इतकी परीक्षा घेऊन शेवटी पहिल्या घासाला शेरा एकच, "मीठ कमी हाय." आइस्क्रीमलासुद्धा त्यांनी हा शेरा मारलेला मी स्वतः ऐकलाय. म्हणून त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, केलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीची, त्यांच्याजवळ डब्यात कायम. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' अशी पाटी असली की ती मोठ्याने वाचायची आणि बरोबर तिच्याखाली बसून डबा उघडायचा!

अशा माणसाच्या नशिबी काय यावं, तर नातीचं उष्टावण हुकावं. त्यांच्या घरात बाळाला भाताचा पहिला घास आजाने भरवायचा, हे ठरलेलं. आमची चिमी जन्मली बोलोन्यात, कारण दोघांच्या नोकऱ्या तिथे, आणि नेमकी तेव्हा साथीमुळे विमानं बंद. मग उष्टावण व्हिडिओ कॉलवर झालं. इकडे व्याह्यांनी नवा सदरा घातला, चांदीच्या वाटीत भात कालवला आणि घास करून चक्क मोबाईलच्या काचेला लावला. तिकडे जावयाने चिमीच्या तोंडात चमचा घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्याही मोबाईल पुसत म्हणाले, "टाळ्या कशाला? झाला नाय अजून. माझा घास बाकी हाय." पुढे चिमी चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत गेली, तरी दर कॉलला यांचं तेच पालुपद, "बाय गो, माझा घास बाकी हाय." चिमी लांबूनच 'चाओ' म्हणायची आणि पळून जायची. मला हसू यायचं खरं, पण फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा बघितला की मी चहा टाकायला उठायचे.

शेवटी गेल्या वर्षी जायचं ठरलं. आमच्या ह्यांनी गुडघे पुढे केले. विहीणबाई म्हणाल्या, "पाय जमिनीला लागत नाय त्या गाडीन मी बसाची नाय." राहिलो आम्ही दोघं, मी आणि व्याही. त्यांची बॅग तांदळाच्या पिठाने भरली, त्यामुळे सुकटीची बरणी आली माझ्या पर्समध्ये. माझ्या! जिच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही! विमानतळावर माझ्या शेजारची बाई दोनदा जागा बदलून बसली. त्या पर्सला अजून वास आहे.

चिमीने पहिल्याच दिवशी आजोबांना ओळख दाखवायचं साफ नाकारलं. बापाच्या पायामागे लपून ती एक डोळा बाहेर काढून बघायची. खायची तर फक्त लोणी लावलेला पांढरा पास्ता, तोही स्वतःच्या काट्याने. दुसऱ्याचा हात ताटाकडे आला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. व्याह्यांनी मग मनाशी पक्कं केलं की पोरीचा दोष नाही, जागा चुकतेय. बरोबर फॅमिलीवाली जागा सापडली की पोर आपोआप मांडीवर येणार. आणि सुरू झाली आमची बोलोन्याची वारेमाप भटकंती. त्या गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमानीच कमानी, त्यांच्या खालून ऊन न लागता कितीही चाला. हे पुढे आणि आम्ही मागे. कॉफीच्या दुकानात लोक उभ्याउभ्या घोटभर कॉफी पिऊन निघून जातात. यांनी खुर्ची ओढून घेतली, पाय दुमडला, आणि ती घोटभर कॉफी बशीत ओतून फुंकर मारली. सगळं दुकान बघत राहिलं. खानावळी संध्याकाळी उशिरा उघडतात हे कळल्यावर तर त्यांनी बंद दारावर थाप मारून आतल्या माणसाला विचारलं, "पोरांनी जेवाचा कवा?" त्याला शब्द कळला नाही, पण पोटावरचा हात कळला. त्याने चिमीसाठी पावाचा तुकडा आणून दिला. आइस्क्रीमच्या दुकानात कारंजं होतं, पिझ्झावाल्याकडे मुलांना कणकेचा गोळा खेळायला देत होते, चित्रांच्या कागदाची ती खानावळ तर होतीच. सगळ्या जागा पास! चिमी सगळीकडे खूश. पण आजोबांचा घास पुढे आला की ओठ बंद.

आणि मग तो प्रकार घडला. एका जुन्या खानावळीत आम्ही बसतोय न बसतोय तोवर व्याही गायब. इकडे फॅमिली रूम नसते, हे जावयाने किती वेळा सांगितलं होतं! पण कोपऱ्यात जिना दिसला, आणि जिना दिसल्यावर वर फॅमिली रूम नसेल असं उरणपासून वाशीपर्यंत कुठला माणूस मानेल? बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून मी, लेक आणि खानावळीचा मालक वर गेलो. वर मालकाचं घर होतं. मालकाची म्हातारी आई भल्यामोठ्या पाटावर हातभर लांब लाटण्याने सतरंजीएवढी पोळी लाटत होती, आणि आमचे व्याही शेजारी स्टुलावर एक पाय दुमडून "वा! वा!" करत होते. डबा उघडलेला. म्हातारीच्या एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात, देवा रे, सुकट लावलेली भाकरी! मालक बघतच राहिला. माझी लेक कपाळावर हात मारून घ्यायच्या बेतात होती. म्हातारी चावता चावता काहीतरी लांबलचक बोलली. लेक म्हणाली, "बाबा, त्या म्हणतायत, चव झकास आहे, पण खाली हा डबा उघडाल तर माझा मुलगा चिडेल. नदीकडच्या रस्त्याला एक जुनं वाइनचं दुकान आहे, तिथे जा. तिथे जेवण मिळतच नाही. जेवण आपापलं न्यायचं, फक्त प्यायला त्यांच्याकडचं घ्यायचं."

व्याह्यांनी हे लेकीकडून दोनदा वदवून घेतलं. "म्हंजे डबा नेवाचाच?" "हो, बाबा." "पाटी नाय?" "पाटी नाही." आनंदाच्या भरात हा माणूस त्या रात्री झोपलाच नसावा. सकाळी उठून पाहते तर स्वयंपाकघरभर पीठ, आणि हे ओट्याशी उभे राहून भाकऱ्या थापतायत!

ती जागा म्हणजे लांबच लांब लाकडी बाकं आणि नुसता कलकलाट. कुणी कागदात चीज आणलेलं, कुणी घरून शिजवलेला भात, एक कुटुंब आख्खा केक घेऊन आलेलं. म्हातारे पत्ते खेळतायत, पोरं बाकांखालून पळतायत. चिमीला सफरचंदाचा रस मिळाला, व्याह्यांना लाल वाइन. एक घोट घेऊन "आमची ताडी बरी" असा निकाल त्यांनी लगेच दिला. डबा उघडला. वास सुटला. मी डोळे मिटून घेतले. आता सगळे उठून जाणार! तर शेजारचा पत्तेवाला म्हातारा नाक पुढे करून चौकशी करू लागला. व्याह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि, काय सांगू, सरळ त्याच्या तोंडातच घातला. म्हाताऱ्याने डोळे मोठे केले, छाती ठोकली आणि आपल्या मित्राला बोलावलं. मग दुसरा आला, मग केकवाली बाई आली. आमचे व्याही तुकडे मोडतायत आणि एकेकाला भरवतायत, लग्नात वरपक्षाला भरवावं तसे. या गडबडीत पोरीचं उष्टावण ते पार विसरून गेले. आणि तेवढ्यात बाकावरून कुणीतरी सरपटत आलं, त्यांच्या दुमडलेल्या पायावर चढून बसलं आणि आ करून थांबलं.

चिमी होती ती. सगळ्या जगाला मिळतंय आणि आपल्याला नाही, हे काही तिला खपलं नाही.

व्याह्यांनी घाईघाईने तुकडा मोडायला घेतला, तर तोच निसटून बाकावर पडला. चिमीने तो उचलला, आजोबांच्या तोंडात कोंबला आणि दटावलं, "मांजा, आजा!" म्हणजे खा, आजा. मग पुन्हा स्वतः आ केला. व्याह्यांनी या वेळी दोन्ही हातांनी धरून घास भरवला. तिखटाने तिचं नाक लाल झालं, तिने ग्लासभर रस प्यायला आणि परत तोंड उघडलं. "ईहीनबाय," ते मला म्हणाले, डोळ्यांतलं पाणी मानेच्या रुमालाने खुशाल सगळ्यांसमोर पुसत, "झाला उष्टावन. पयला माझा झाला, मग तिचा." मीही रडले. उगाच कशाला लपवायचं?

त्याला आता बरेच महिने झाले. व्याही रविवारी उरणहून आमच्याकडे येतात. निमित्त माझ्या हातच्या थालीपिठाचं, पण खरं कारण म्हणजे त्या बाकावर बसलेल्यांपैकी इकडे अशी मीच एकटी आहे, आणि ती गोष्ट पुन्हा सांगायला साक्षीदार लागतो. आमचे हे पेपर तोंडासमोर धरतात, तरी ऐकतात. पुन्हा जायचं तिकीट काढायचं काही ठरत नाही. लेकीला सुट्टी नाही, विहीणबाई जमीन सोडत नाहीत, माझेही गुडघे आता ह्यांच्या गुडघ्यांच्या वळणावर चाललेत. परवा जेवायला बसलो तेवढ्यात तिकडून कॉल आला. चिमी पांढरा पास्ता खात होती. आजोबांना बघितल्याबरोबर तिने काट्याला पास्ता गुंडाळला आणि मोबाईलच्या काचेला लावला. "आजा, आ!"

व्याह्यांनी पाय वर घेतला, मोबाईल जवळ ओढला आणि चांगला मोठा आ केला. मग बराच वेळ, अगदी सावकाश, काहीही नसलेलं तोंड ते चावत राहिले. तिकडे चिमी वाट बघत होती. इकडे आम्हीही.

"मीठ बरोबर हाय गो, बाय," ते म्हणाले.