टिल्लूच्या सांध्यांची पावडर

मी महिनाभर कुत्र्याचं औषध खाल्लं, आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती घरच्यांची. आमची मुलगी मेधा ही गोष्ट तिच्या अमेरिकेतल्या ऑफिसात आणि ऑफिसमार्फत हिंजवडीतही सांगून बसली आहे. ही (म्हणजे माझी पत्नी) तीच गोष्ट नारायण पेठेत सांगते. दोघींच्याही गोष्टीत मी एक नंबरचा वेंधळा आहे. म्हणून खरं काय घडलं ते आता मीच सांगतो. वेंधळा होतो की नाही, ते वाचणाऱ्यांनी आपापल्या घरी ठरवावं.

टिल्लू हा आमचा लॅब्रॅडोर. मेधाला हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा तिने तो हौसेनं आणला. त्या वेळी तो माझ्या बुटात मावायचा, म्हणून टिल्लू. वर्षभरात तो सोफ्यातही मावेना, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे कंपनीने मेधाला 'ऑनसाइट' म्हणून अमेरिकेला पाठवलं आणि टिल्लू आमच्याकडे राहिला. त्याच सुमारास मलाही कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती दिली होती. (स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती माझी.) त्यामुळे घरात दोघे रिकामे झालो, एकत्र फिरलो आणि एकत्रच म्हातारे झालो.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. इमारत बांधताना लिफ्टची जागा सोडली होती, नंतर तिथे सायकली ठेवायची पद्धत पडली. फिरून आल्यावर टिल्लू दुसऱ्या मजल्यापर्यंत कसाबसा चढायचा आणि तिथे जिन्याच्या वळणावर बसकण मारायचा. त्याच्या मागच्या पायांचे सांधे गेले होते. माझे गुडघेही त्याच मार्गाला लागले होते, म्हणून मीही शेजारी टेकायचो. (त्याला सोबत म्हणून. माझा काही प्रश्न नव्हता.)

दुर्दैवाने त्या वळणावर नेन्यांचं दार होतं. नेने सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी एकदा दार उघडलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "दामले, आपण इथे राहायला आलात का?"

"कुत्रा दमलाय," मी म्हणालो.

"मग त्याला उचलून न्या."

"चाळीस किलोचा आहे तो."

"मग खाली ठेवा. किंवा खडकवासल्याला पाठवा, तिथे माझ्या मेहुण्याचं शेतघर आहे. सपाट जमीन आहे, जिना नाही. गणपतीआधी सोसायटीची बैठक आहे, तोवर काय ते ठरवा. नाहीतर बैठक ठरवेल."

दार बंद झालं. टिल्लूने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. त्याला बोलणं कळत नाही असं लोक म्हणतात, पण त्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर उठला आणि पाय ओढत वर आला. तेव्हाच मी ठरवलं, हा कुत्रा कुठेही जाणार नाही. गेलो तर दोघे जाऊ.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं. तरुण मुलगी, पण बोलणं एखाद्या हेडमास्तरसारखं. "वजन फार आहे. बिस्किटं बंद. दिवसातून थोडं थोडं, सपाटीवर चालवायचं. घरातल्या गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाका. आणि ही पावडर, रोज चमचाभर जेवणात. सांध्यांना मदत होते. चमत्काराची अपेक्षा ठेवू नका."

पावडर फिकट पिवळी, पिशवीतली. हिने ती स्टीलच्या डब्यात ओतली, डब्यावर कागदाची पट्टी डकवली, 'टिल्लू'. शेजारी अगदी तसाच डबा होता, त्यावर पट्टी, 'मेतकूट'. सकाळी मऊ भात, वर तूप आणि मेतकूट, हा माझा नाश्ता लग्नाआधीपासूनचा आहे.

तशात हिच्या भाचीचं बाळंतपण आलं आणि ही नागपूरला बहिणीकडे निघाली. जाताना सूचना सुरू झाल्या. गॅस कसा बंद करायचा, दूध कुठे ठेवायचं, कुठल्या डब्यात काय आहे.

"अगं, मी अख्खं यंत्रशाळा खातं सांभाळलंय," मी म्हणालो. "सहा डबे सांभाळता येणार नाहीत का?"

ती नुसती बघून गेली.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून फळीवर तुपाची बरणी आडवी झाली. मी हातासरशी सगळे डबे साबणाच्या पाण्याने लख्ख धुतले. पट्ट्या अर्थातच गेल्या. पण मी घाबरलो नाही. झाकणं उघडून शांतपणे विचार केला. एका डब्याला हिंग, सुंठ असा उग्र वास येत होता, दुसऱ्याला जवळजवळ वासच नव्हता. औषधाला वास असतो हे कुणीही सांगेल. तेव्हा उग्र तो टिल्लूचा डबा आणि साधा तो माझा. यात तर्काची चूक काय आहे, ते मला आजवर कुणी दाखवून दिलेलं नाही.

रात्री हिचा फोन आला. मी सहज कौतुक केलं. "या वेळचं मेतकूट छान झालंय. मीठ अगदी बरोबर पडलंय."

"मी मेतकुटात मीठ घालत नाही."

"अगं, मी खाल्लंय ना. तू नागपूरहून काय सांगतेस?"

"बरं," ती म्हणाली. पुण्यात 'बरं' म्हणजे काय, हे सांगायला नको.

इकडे टिल्लूची प्रगती पाहण्यासारखी होती. आधी औषध दिसलं की तोंड फिरवणारा हा प्राणी आता पोळीचा काला चाटूनपुसून खाऊ लागला. बिस्किटं घरात नव्हतीच, कारण ती आणायची माझ्या लक्षात राहत नव्हती. वेळ जात नाही म्हणून मी त्याला दिवसातून अनेकदा खाली नेत होतो. हळूहळू तो हलका दिसायला लागला आणि एके दिवशी नेन्यांच्या दारासमोर न बसता सरळ वर निघाला. मीही मागोमाग निघालो. वर पोहोचल्यावर लक्षात आलं की मीसुद्धा टेकलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेने बैठकीचं सांगायला वर आले. मी नाश्त्याला बसलो होतो. त्यांची नजर माझ्या ताटलीवर स्थिरावली.

"मऊ भात?"

"मेतकूट घालून. घेता थोडा?"

नेने खुर्चीत बसलेच. "आमच्याकडे मुलगा-सून दोघेही सॉफ्टवेअरमधे. मला सकाळी दुधात पुठ्ठा भिजवून देतात. तब्येतीला चांगला असतो म्हणे."

मी त्यांना भात वाढला, तूप सोडलं, दोन चमचे सढळ हाताने भुरभुरवले. ते दोनदा मागून घेऊन जेवले. बैठकीचं काही बोललेच नाहीत. मग रोज येऊ लागले. आठवड्याभराने त्यांनी आपण होऊन सांगितलं, "दामले, गुडघ्याला जरा आराम वाटतोय. सकाळी पोटात गरम पडतं म्हणून असेल." जाताना त्यांनी डबीभर मेतकूट मागून नेलं. मी आनंदाने दिलं. टिल्लूचं भवितव्य मला त्या डबीत सुरक्षित दिसत होतं.

मग ही परत आली.

सकाळी मी माझा भात घेऊन बसलो, आणि टिल्लूच्या वाटीत औषध घालायला हिला सांगितलं. हिने झाकण उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"अहो, त्याला रोज हेच घालताय?"

"हो. आवडीने खातो."

"खाईलच. हे मेतकूट आहे."

मला घास तोंडातच ठेवावासा वाटला.

"आणि मग," ती फार हळू म्हणाली, "तुम्ही भातावर काय घालताय?"

मी घास गिळला. थुंकून टाकणं माझ्या स्वभावात नाही.

आम्ही टिल्लूला घेऊन दवाखान्यात गेलो. म्हणजे तपासायचा टिल्लू, पण सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, फक्त थोडा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

"तुम्हाला काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आता बंद करा. माणसांसाठी वेगळ्या गोळ्या मिळतात, तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. मेतकुटातल्या मोहरी-हिंगाने याचं पोट बिघडलं नाही हे याचं नशीब."

"पण तो जिना चढायला लागला," मी म्हणालो.

"वजन उतरलंय त्याचं. शिवाय रोज चाललाय. त्यानेच."

"आणि मीही चढायला लागलो. मी तर पावडरच खात होतो."

"तुम्हीही त्याच्याबरोबर चालतच होतात ना?"

या मुद्द्यावर आमचे अजूनही मतभेद आहेत.

निघताना हिने विचारलं, "ही पावडर असते कशाची?"

"समुद्रातल्या जिवांच्या कवचांपासून काढतात. कोळंबी, खेकडे."

हिने माझ्याकडे पाहिलं. माझं नाही, नेन्यांचं आठवलं होतं तिला; दवाखान्याच्या वाटेवर मी त्यांच्या भाताचं आणि डबीचंही सांगून टाकलं होतं. नेने चातुर्मासात कांदासुद्धा खात नाहीत.

"सांगायलाच हवं," ती म्हणाली.

"बैठक दोन दिवसांवर आहे. नंतर सांगू."

"त्यांच्या पोटात घातलंय आपण. आजच सांगायचं."

मी म्हणालो, सांगतो, भितो की काय. दुसऱ्या मजल्यावर गेलो. टिल्लूला बरोबर घेतलं, कारण निर्णय त्याच्याबद्दलच होता. नेन्यांनी दार उघडलं आणि मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. डबे, पट्ट्या, पावडर, कोळंबी, खेकडे. काही लपवलं नाही.

नेन्यांनी आधी टिल्लूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला खडकवासल्याचं शेतघर डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मी टिल्लूचा पट्टा घट्ट धरला.

"कवच म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मांस नाही."

"नाही. कवचच."

"दामले, वैद्य शंखभस्म देतात ते कशाचं असतं? मौक्तिक भस्म कशाचं असतं?"

"समुद्रातलंच."

"मग झालं तर. कवच म्हणजे घर. आपण घर खाल्लं, मालकाला हात लावला नाही." ते आत वळले, थांबले. "हे माझ्या सुनेला कळता कामा नये. आणि डबी मी परत देणार नाही."

ती पावडर पुढे खाऊ नका असं मी डॉक्टरीणबाईंच्या वतीने बजावलं. त्यांनी मान हलवली, ती होकारार्थी होती की कशी, ते मी विचारलं नाही.

बैठकीत तळमजल्यावरच्या कुणीतरी कुत्र्याचा विषय काढला. नेने म्हणाले, "कुत्रा जिना चढतो. मी स्वतः पाहिलं आहे. पुढचा विषय, पाण्याची टाकी." मी घरी येऊन टिल्लूला हे सांगितलं. तो झोपला होता. झोपू दिलं.

आता टिल्लूला त्याची खरी पावडर मिळते. तो ती खात नाही, म्हणून ही त्यावर जरासं तूप सोडते, मग खातो. मला आमच्या डॉक्टरांनी माणसांच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या आकाराने एवढ्या मोठ्या आहेत की स्वाभिमानी माणसाने त्या गिळू नयेत, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. ही रोज सकाळी एक गोळी पेढ्याच्या तुकड्यात दाबून माझ्यासमोर धरते. गिळली की नाही ते बघायला तोंड उघडायला लावते.

माझा विरोध कायम आहे. फक्त गोळी गेल्यावर ती डोक्यावरून हात फिरवून "शहाणा" म्हणते, त्या वेळी मी काही बोलत नाही.