कोंबड्यांचं मडकं

घनसावंगीकडच्या त्या खेड्यात सगुणाबाईंच्या हातून काही वाया गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या शेताला लागून जुनी पांढर होती, कधीकाळच्या वस्तीचा मातीचा ढिगारा. दर उन्हाळ्यात गाव तिथली पांढरी माती घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छतावर, पसरायला आणायचं. सगुणाबाई तिच्यातली खापरंसुद्धा निवडून अंगणातल्या चिखलावर टाकायच्या. तीस वर्षांपूर्वी खणताना त्यांना तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी सापडली. एक फुटलं. दुसरं शाबूत निघालं, म्हणून घरी आणलं, आतली माती धाब्यावर टाकली आणि मडकं कोंबड्यांच्या पाण्याला ठेवलं. त्या मडक्याचा बाईंना भारी तोरा.

यंदा मुलाने, कल्याणने, स्लॅबचं मनावर घेतलं. धाबं उतरवलं, मातीने भरलेली ट्रॉली दारात उभी राहिली. तेवढ्यात शाळेतल्या प्रियदर्शनी मॅडम आल्या. मुलांना पांढर दाखवायला न्यायची होती, घरात एखादी जुनी वस्तू आहे का विचारत होत्या. सगुणाबाईंनी ऐटीत मडकं पुढे केलं, त्याच्या तोंडाला तोंड लावून दुसरंही होतं हे सांगितलं.

मॅडमनी ते हातात घेऊन आत वाकून पाहिलं. "मावशी, आत काय होतं?"

"माती. अन् बारीक हाडकं, कोंबडीची असत्याल. काहून?"

"फार पूर्वी लहान लेकरू गेलं की अशी दोन मडकी जोडून त्यात ठेवायचे. घरातच, जमिनीखाली पुरायचे."

सगुणाबाईंनी ट्रॉलीतल्या मातीकडे पाहिलं. त्यांचं पहिलं बाळ अकराव्या दिवशी गेलं होतं. बांधावरच्या लिंबाखाली त्याला ठेवलं, आणि चाळीस वर्षांत तिथे त्यांनी कुणाला नांगर घालू दिला नव्हता. अन् दुसरीचं लेकरू आपणच उपसून डोक्यावर पसरलं? त्याच्याखाली भाकरी थापल्या, सुनेचं बाळंतपण केलं? त्यांना स्वतःच्या हातांकडे बघवेना.

ट्रॅक्टर सुरू झाला. माती रस्त्याच्या खड्ड्यांत पडणार होती.

"कल्याण, बंद कर ते."

"आई, ड्रायव्हर कवाचा थांबून राह्यला. हजारो वर्षं झाली त्या गोष्टीला."

"त्याची माय समोर असती, तर बोलला असता का तू असं?"

कल्याण ट्रॅक्टरकडे गेला. एवढ्या मातीत त्या लेकराची मूठभर माती कोणती, हे कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून सगळी ट्रॉली लिंबाखाली रिकामी झाली.