काऊनवाल्यांचं घर

दुसऱ्याच्या घराबद्दल लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. लिहिणारी माणसं वेगळी असतात असं मला अजूनही वाटतं. आणि ज्या घरात मी मागच्या खोलीचा भाडेकरू होतो, त्या घराचं मी काय सांगणार? पण त्या घरातल्या काकूंना भीत भीत विचारलं तर त्या म्हणाल्या, "लिही न. फक्त नावं टाकू नको. उद्या पोरीयच्या सासरचे वाचतील अन् म्हणतील, हे त आम्हाले सांगतलंच नाई."

म्हणून नावं नाहीत.

मी एटापल्ली तालुक्यातल्या एका लहान गावचा. आमच्या घरी गोंडी बोलतात. बारावीनंतर बीएस्सीला चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावी आलो आणि खोली शोधताना या घरी पोचलो. घरात चार माणसं. राइस मिलमध्ये मशिनी दुरुस्त करणारे भाऊ, पूर्वी एका खाजगी शाळेत शिकवणाऱ्या काकू, आणि त्यांच्या दोन मुली. मूलमध्ये सगळे त्यांना भाऊ म्हणतात म्हणून मीही भाऊ म्हणू लागलो, आणि त्यांच्या बायकोला मात्र काकू. नातं जुळत नाही, पण कोणी हरकत घेतली नाही.

पहिल्या सोमवारी मी सकाळी दहाला कॉलेजला निघालो तर दोघी मुली ओसरीवर बसून एक जुना मिक्सर खोलत होत्या. मी विचारलं, "आज शाळेले सुट्टी आहे का?"

धाकटी म्हणाली, "आम्हाले रोजच सुट्टी असते."

थोरली म्हणाली, "नाई दादा, आम्हाले सुट्टीच नसते."

दोन्ही खरं होतं, हे मला नंतर कळलं. त्या शाळेत जात नव्हत्या. घरीच शिकत होत्या.

मला ते पटलं नाही, हे सांगितलं पाहिजे. मी आश्रमशाळेत शिकलो. शाळा होती म्हणून मी इथे आहे. आमच्या गावातल्या किती मुली चौथीनंतर घरी बसल्या. आणि इथे शिकलेले आईबाप, गावात चार शाळा, आणि पोरी घरी? पण बोलायची हिंमत नव्हती. भाडं वाजवी होतं आणि रविवारचं जेवण त्यांच्याकडेच असायचं.

कारण मला काकूंनी एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. थोरली दुसरीत असताना वर्गात सारखं "काऊन?" विचारायची. आमच्याकडे 'का'ला काऊन म्हणतात. एकदा बाईंनी तिला त्यासाठी वर्गाबाहेर उभं केलं, मग रोजच करू लागल्या. पोरीनं विचारणं सोडलं. मग बोलणंही सोडलं. "घरी येऊन कोपऱ्यात बसे," काकू म्हणाल्या. "मी दुसऱ्याच्या पोरायले शिकवून राह्यली होती अन् माही पोरगी मुकी होऊन राह्यली होती. म्हटलं, दोघी घरीच बसू." त्यांनी नोकरी सोडली. एका वर्षासाठी म्हणून सोडली होती.

तेव्हापासून त्या घरात एकच नियम होता. अडलं की विचारायचं. जो जवळ असेल त्याला विचारायचं. लाजायचं नाही. रात्रीच्या जेवणाला प्रत्येकानं सांगायचं, आज कोणाला काय विचारलं. भाऊसुद्धा सांगत. गल्लीतले लोक त्या घराला 'काऊनवाले' म्हणत. कोणी प्रेमानं, कोणी टोमणा म्हणून. समोरचे वेल्डिंगवाले चाचा मुलींना लांबून येताना पाहिलं की ओरडत, "शटर गिराओ रे, काऊनवाल्या आल्या!" आणि मग स्वतःच स्टूल पुढे करत. धाकटीला त्यांनी एकदा सांगितलं की वेल्डिंगची ठिणगी निळी असते कारण लोखंडात निळा रंग भरलेला असतो. पुढच्या आठवड्यात सांगितलं की ती निळी नसतेच, डोळ्यांना तसं वाटतं. धाकटीनं विचारलं, "चाचा, मंग खरं कोणतं?" चाचा म्हणाले, "बेटा, जो पसंद आये, वो रख ले." त्या रात्री जेवताना भाऊंना हसून ठसका लागला.

रविवारी आम्ही बाहेर जायचो. 'आम्ही' म्हणतो, कारण त्यांच्यात मला कधी घेतलं हे मलाच कळलं नाही. एकदा डबा बांधून जवळच्या मामा तलावावर गेलो होतो. पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून पोहे खाताना थोरली म्हणाली, "मामा तलाव. पण कोणाचा मामा?" मी आयुष्यभर हा शब्द ऐकला होता, कधी विचार केला नव्हता. भाऊंना माहीत नव्हतं. तिथे एक म्हातारे ढिवर जाळं झटकत होते, त्यांना जाऊन विचारलं.

"बाबाजी, याले मामा तलाव काऊन म्हणतात?"

"मासे देते न फुकट. मामाच देते फुकट, काका देते काय?"

सगळे हसलो. घरी आल्यावर काकूंनी शोधून काढलं की जुन्या मालगुजारांचे, म्हणजे जमीनदारांचे, तलाव सरकारकडे आले, ते माजी मालगुजारी तलाव, आणि त्याचं झालं मा. मा. धाकटी खट्टू झाली. तिला ढिवरबाबांचंच उत्तर ठेवायचं होतं. काकू म्हणाल्या, "दोन्ही ठेव. परीक्षा थोडीच आहे."

एका दिवाळीत ते सगळे माझ्या गावी आले. मला धाकधूक होती. आमचं घर लहान, संडास नाही, आईला मराठी बोलता येत नाही. पण मुली पोचल्या पोचल्या आईच्या मागे लागल्या. पाण्याला काय म्हणता? आई म्हणाली, येर. आगीला? तांदळाला? टोपली विणताना पहिली काडी कशी धरता? मी मध्ये बसून भाषांतर करत होतो. थोड्या वेळानं माझी गरज उरली नाही. धाकटी काडी उलटी धरायची, आई तिच्या हातावर चापट मारायची, आणि दोघी हसायच्या. रात्री आई मला म्हणाली, एवढं मला कोणी कधी विचारलं नाही. नंतर म्हणाली, तूसुद्धा नाही.

ते खरं होतं. आश्रमशाळेत मी वर्गात कधी प्रश्न विचारला नव्हता. मराठी अडखळायची, मुलं हसायची. गप्प बसणं म्हणजे हुशारी, असं मी शिकलो होतो. त्या दिवाळीनंतर कॉलेजात रसायनशास्त्राच्या तासाला मी पहिल्यांदा हात वर केला. सरांनी विचारलं, काय झालं, बाहेर जायचंय का? मी म्हटलं, नाही सर, समजलं नाही. सरांनी पुन्हा समजावलं. एवढंच. पण त्या रात्री काऊनवाल्यांच्या घरी जेवताना माझ्याकडेही सांगायला काहीतरी होतं.

आता आबांबद्दल. आबा म्हणजे भाऊंचे वडील, निवृत्त शिक्षक, चंद्रपूरला राहायचे. त्यांना ही घरशाळा एक दिवसही मान्य नव्हती. थोरली दहावीच्या वयाची झाली तेव्हा ते आले, बूट न काढताच खुर्चीवर बसले, आणि भाऊंना म्हणाले:

"माझ्या बापाले शाळेच्या वऱ्हांड्यात बसवलं होतं. आत येऊ देत नव्हते. पावसाचं पाणी पाटीवर पडे, तो पुसे अन् लिहे. वऱ्हांड्यातून आत जायले आपल्या घराले एक पिढी लागली. अन् तू आपल्या मनानं पोरी बाहेर काढल्या?"

काकू म्हणाल्या, "आबा, पोरीले बाहेर उभं शाळेनंच केलं होतं."

"मंग आत जाऊन भांडायचं होतं, बाई. घरी नव्हतं यायचं."

मी दारात उभा होतो. मला आबांचं खरं वाटलं आणि काकूंचंही. अजूनही वाटतं.

आबांनी शेवटी अट घातली. थोरलीनं बाहेरून दहावीची परीक्षा द्यायची. पहिल्या झटक्यात पास झाली तर ते पुन्हा विषय काढणार नाहीत. नाही झाली तर दोघींना चंद्रपूरला त्यांच्याकडे राहून शाळेत जावं लागेल. भाऊंनी कबूल केलं. वडिलांना नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही.

थोरलीला स्वतःची काळजी नव्हती. ती मला म्हणाली, "मी त मोठी झाली दादा, कुठीही राहीन. पण ते लहानी शाळेत गेली का पहिल्याच दिवशी काऊन विचारन. अन् माह्यासारखी मुकी होऊन येईन. माह्यापायी."

अभ्यासाची अडचण नव्हती. अडचण वेगळीच निघाली. मी तिला घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला दिली, तर अर्ध्या तासानं ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि आईला काहीतरी विचारून परत येऊन लिहू लागली.

"अवं, परीक्षेत विचारायचं नसते!" मी म्हटलं.

"काऊन?"

"काऊन म्हणजे? तुले येते का नाई तेच पाहून राह्यले न ते."

"मले नाई येत, मले मालूम आहे. म्हणूनच त विचारून राह्यली."

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, परीक्षेचा नियम आहे, म्हणून विचारायचं नाही. काकूंनी तिच्याकडून सराव करून घेतला. धाकटी पर्यवेक्षक व्हायची, हातात लाटणं घेऊन, आणि थोरलीनं मान वर केली की ओरडायची, "ए बाई, कोणाकडे पाहून राह्यली!" हळूहळू सवय मोडली, असं आम्हाला वाटलं.

केंद्र जवळच्याच दुसऱ्या गावात होतं. भाऊंची मिलमध्ये ड्यूटी असली की त्यांच्या मोटारसायकलवर मी तिला न्यायचो. मराठी, गणिताचे पेपर नीट गेले. विज्ञानाच्या पेपरला मी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसलो होतो. ती सगळ्यात शेवटी बाहेर आली. तोंड पांढरं पडलं होतं.

एका आकृतीत ती अडकली. विचार करता करता विसरली की ती कुठे बसली आहे. शेजारच्या मुलीकडे वळून, घरी बोलते तशा मोकळ्या आवाजात म्हणाली, "हे तुले समजलं काय व?"

सगळा वर्ग वर पाहू लागला. पर्यवेक्षक बाई धावत आल्या, पेपर ओढला, तिला भिंतीजवळ उभं केलं. केंद्रप्रमुखांना बोलावलं. त्यांनी विचारलं, "कोणत्या शाळेची?"

"शाळा नाई सर. घरची."

"घरी हेच शिकवलं काय, दुसऱ्याले विचारायचं?"

ती म्हणाली, "हो सर."

खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. सरांनी तिचा पेपर चाळला म्हणे. मग काहीतरी लिहून घेतलं, पेपर परत दिला आणि म्हणाले, "बस. लिही. आता तोंड उघडू नको." तिनं उरलेल्या वेळात होईल तेवढं लिहिलं. पण त्यांनी काय लिहून घेतलं, ते तिला माहीत नव्हतं. कॉपीची नोंद केली असेल तर निकाल राखून ठेवतील, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं.

घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. कोणी रागावलं नाही. धाकटी लाटणं घेऊन कोपऱ्यात गेली आणि रडू लागली. काकूंनी त्या रात्रीही जेवताना नेहमीचा प्रश्न विचारला, आज कोणाला काय विचारलं. कोणीच बोललं नाही. मी त्या घरात तसं जेवण आधी कधी पाहिलं नव्हतं.

माझी परीक्षा झाली आणि मी गावी आलो. मे महिन्यात आमच्याकडे सगळं घर बिडीचा तेंदूपत्ता तोडायला जातं. पहाटे जंगलात, दुपारी पानं मोजून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन द्यायचे. गावात मोबाइलला रेंज नाही. निघताना मी काकूंना एटापल्लीतल्या एका किराणा दुकानाचा नंबर देऊन ठेवला होता. दुकानदार आमच्या गावच्या मुक्कामी गाडीच्या कंडक्टरकडे निरोप देतो, अशी आमच्याकडची रीत आहे.

मी रोज संध्याकाळी गाडीपाशी जाऊन उभा राहायचो. काही नाही. एक नवा कंडक्टर यायचा, तो तिकिटाशिवाय काही बोलायचा नाही. पुडे बांधताना माझी पानं कमीजास्त व्हायची. आईनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं. थोरलीसाठी तिनं हात जोडले की नाही मला माहीत नाही, पण त्या दिवसापासून गाडीचा आवाज आला की तीच मला हाक मारू लागली.

मग एका संध्याकाळी जुना कंडक्टर परत आला. उतरल्या उतरल्या म्हणाला, "अबे, तुझ्या बहिणीचा निकाल लागला न!"

मला बहीण नाही. "कोणती बहीण?" मी विचारलं.

"मूलवाली बे! दुकानदारानं कधीचं सांगून ठेवलं. मी सुट्टीवर होतो, त्या दुसऱ्यानं सांगतलं नाई काय? पास झाली. राखून-बिखून काही ठेवला नाई, असं खास सांगाले सांगतलं. विज्ञानात काठावर आहे, पण पास आहे." तो तंबाखू मळू लागला. मग आठवून म्हणाला, "अन् आणखी एक होतं. आबानं सांगतलं म्हणे, लहानी घरीच राहीन. काय समजाचं त समजून घे."