कॅमेऱ्याचा हिरवा दिवा

बाबांचा फोन आला की हल्ली मी तो आधीच चिडून उचलायची. विषय ठरलेला असायचा. "बाय, कॉम्प्युटर परत बसला गो." बसला म्हणजे बंद पडायचा नाही, माऊस हलवला की पडद्यावरचा बाण बऱ्याच वेळाने हलायचा आणि आतला पंखा उगाच घोंघावत राहायचा. मी राहते अँटॉप हिलला, बाबा डिलाईल रोडच्या चाळीत एकटे. ऑफिसात मला डबा खायला फुरसत नाही, त्यात हे झेंगट. "तुम्हीच काहीतरी नको ते दाबलं असणार. बंद करून चालू करा," असं सांगून मी फोन ठेवायची.

खरं तर तो कॉम्प्युटर मूळचा माझा. मी नवा घेतला, जुना बाबांच्या गळ्यात मारला आणि वर 'बाबांना कॉम्प्युटर दिला' म्हणून चारचौघांत मिरवूनही घेतलं. बाबांना मात्र त्याचं अप्रूप होतं. आयुष्याची उमेदीची वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर गेली, पुढे छापखान्यात. यंत्राला भिणारा माणूस नव्हे. चाळीतल्या सगळ्यांची लाइट बिलं ते त्यावर भरून द्यायला लागले. मला रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि 'शुभ प्रभात' यायला लागलं. मी ते न उघडताच पुसून टाकायची.

मग त्यांनी कॅसेटचं मनावर घेतलं. आई जाऊन आता तीन वर्षं होतील. तिचा आवाज असलेली घरात एकच कॅसेट होती, चाळीतल्या गौरीच्या फुगड्यांची. आमच्याकडे गाणं 'सांगणारी' एक बाई असते. पहिली ओळ तिची, मग बाकीच्या बायका ती मागून उचलतात. आमच्या चाळीत ती सांगणारी म्हणजे आई. एरवी हळू बोलणारी ही बाई गौरीपुढे उभी राहिली की तिचा आवाज पार रस्त्यापलीकडे जायचा. ती कॅसेट जुनी झाली होती आणि फीत कधी जाईल याचा नेम नव्हता. म्हणून बाबांना ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवायची होती.

"तू रविवारी ये, दोघं मिळून करू," बाबा म्हणाले होते. "त्यात काय आहे एवढं?" मी म्हटलं. "टेपची वायर मागे खुपसायची आणि लाल बटण दाबायचं. त्यासाठी मी दादरला गाडी बदलून तिकडे येऊ का?" मी खूप कामात होते असं नाही. त्या रविवारी मी घरी झोपा काढल्या होत्या.

बाबांनी एकट्याने वायर खुपसली. पहिल्यांदा गाणी उतरली, पण मध्ये मध्ये आवाज गायब. त्यांनी फोन केला. मी म्हटलं, "मग परत करा." त्यांनी परत केलं, तेव्हा टेपने फीत ओढली, गुंडाळली आणि चावून टाकली. दुरुस्तीवाल्याने ती हातात घेऊन परत बाबांच्याच हातात दिली. हे सांगताना बाबांचा आवाज इतका बारीक होता की मला बंद करून चालू करा म्हणायला सुचलं नाही. "येते रविवारी," म्हटलं.

रविवारी गेले ती कंबर कसूनच. माझ्या मते दोषी ठरलेलेच होते: बाबांची गुलाबाची फुलं आणि चाळीतली माणसं, जी धर्मशाळेत शिरावं तशी कॉम्प्युटरवर येऊन बसायची. आमच्याकडे दाराला कडी लागते ती फक्त झोपताना. मी बाबांना पलंगावर बसवलं आणि सफाईला लागले. बाजूचं झाकण काढून ब्रशने धूळ झटकली. गुलाब उडवले. कोणीतरी घालून ठेवलेले दोन गेम काढले. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उठून बसणारे चार-पाच प्रोग्राम बंद केले. तोंडाचा पट्टा चालूच होता. "किती वेळा सांगितलं बाबा, दिसेल त्यावर टिचकी मारायची नाही." बाबा शाळेतल्या मुलासारखे मांडीवर हात ठेवून ऐकत होते. "माका काय त्यातला कळता," एवढंच म्हणाले.

एवढं करूनही बाण अडखळतच होता. पंखा तसाच. मग मी जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते शेवटी केलं. कुठला प्रोग्राम किती खातोय ते दाखवणारी टास्क मॅनेजरची खिडकी उघडली. प्रोसेसर शंभर टक्के. म्हणजे यंत्राचा मेंदू पूर्ण कामात, दुसऱ्या कशाला जागाच नाही. रकान्यावर टिचकी मारली तसा सगळ्यात जास्त खाणारा वर आला. बाकीचे बिचारे एक-दोन टक्क्यांवर. हा एकटा बहुतेक सगळं गिळून बसला होता.

तो मी घातलेला होता.

गेल्या वर्षी बाबांना चक्कर येऊन ते गॅलरीत पडले होते. तेव्हा घाबरून मी पडद्याच्या डोक्यावर एक छोटा कॅमेरा बसवला आणि हा प्रोग्राम घातला. खोलीत काही हललं की तो टिपायचा, साठवायचा आणि मला फोनवर दाखवायचा. "बाबा, मी आता ऑफिसातून तुम्हाला कधीही बघू शकते," असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. सुरुवातीला बघायचीही, दिवसातून चार वेळा. मग एकदा. मग फोन नवा घेतला, त्यावर ते ॲप घालायचं राहून गेलं. राहून गेलं हे आपलं म्हणायचं. मी कित्येक महिने बघितलंच नव्हतं. आणि हा इथे सकाळपासून रात्रीपर्यंत बाबांची प्रत्येक हालचाल टिपत बसला होता, बघणारं कोणी नसताना.

मी प्रोग्राम बंद केला. आकडा धाडकन खाली आला, पंखा शांत झाला. कॅमेऱ्यावरचा हिरवा दिवा विझला. बाबांनी माऊस हलवून बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. शेजारच्या काकू बांगड्याची आमटी घेऊन आल्या होत्या, त्यांना लगेच म्हणाले, "बघा, आली आणि एका झटक्यात केलान. शेवटी शिकलेली मुलगी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू जाईपर्यंत मी गप्प राहिले, हेही कबूल करते.

मग बाबांनी ती उतरलेली गाणी लावली. "आता नीट वाजतील बघ," म्हणाले. त्यांना वाटत होतं, यंत्र सुधारलं म्हणजे गाणंही सुधारेल. तसं होत नाही. आईचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत: "पाणी घेवन ये गो बाय..." आणि पुढे काहीच नाही. एक मोकळी जागा. मग लगेच बायकांचा घोळका, "गवर इली दारी, गवर इली दारी." मागून उचलणाऱ्या सगळ्या शाबूत होत्या. काकूंचा आवाजसुद्धा मला ओळखू आला. पुढच्या कडव्यात परत तेच, आई सुरू करायची आणि मध्येच नाहीशी व्हायची. त्या रिकाम्या जागी बाबा पुटपुटत आईची ओळ भरत होते. त्यांना सूर लागत नव्हता.

"माझंच कायतरी चुकलं असणार," ते म्हणाले. "बटण जोरात दाबलं वाटतं."

माझ्याने राहवलं नाही. "तुमचं नाही बाबा, माझं चुकलं," मी म्हटलं. कॅमेऱ्याच्या प्रोग्रामने सगळी ताकद खाल्ली, म्हणून उतरवताना आवाज तुटला, हे सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"ता माका म्हायत होता," बाबा म्हणाले. "काकूंची सून कॉम्प्युटर क्लासात शिकवते ना, तिने सांगितलेलं. कॅमेरा बंद करा, मग उतरवा. बटणाचं आपलं उगाच म्हटलं, तुला लागू नये म्हणून."

"मग केला का नाही?"

"कसा करणार? तू ऑफिसातून बघायला जाशील आणि मी दिसणार नाही. परत पडलो बिडलो असं वाटायचं तुला. धावत सुटशील. म्हटलं आवाज काय, दुसऱ्यांदा येईल."

अर्धं सांगून थांबणं म्हणजे परत त्यांनाच फसवणं. कसंबसं मी उरलेलंही सांगून टाकलं, की मी बघत नव्हते. बऱ्याच महिन्यांपासून नाही.

बाबांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दिवा तर लागलेला असायचा," ते म्हणाले. मी मान हलवली. दिवा लागायचाच, मी बघो न बघो. "जावंदे," ते म्हणाले. "तुका तरी कामं थोडी आसत?" आणि उठून पानं वाढायला लागले. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. मीच एवढ्या तेवढ्यावरून त्यांना किती बोलले होते, ते माझ्या डोक्यात एकेक करून येत राहिलं.

कॉम्प्युटरसमोरच्या स्टुलावर त्यांनी आपलं ताट ठेवलं. मी पलंगावर माझं घेऊन बसले. भात, आमटी, बांगड्याची तुकडी. जेवायला सुरुवात करायच्या आधी बाबांनी ताट दोन्ही हातांनी उचललं, पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या दिशेने थोडं तिरकं केलं आणि तसंच क्षणभर धरलं. मला आधी कळलंच नाही ते काय करतायत. हात सवयीचा होता, रोजचा.

मग त्यांच्या लक्षात आलं. कसनुसं हसून त्यांनी ताट माझ्याकडे वळवलं.

"हे बघ," म्हणाले. "आज बांगडो आसा."