लाल नाक, पांढरा सदरा

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत तळमजल्यावर एक बाई लग्नाच्या व्हिडिओंचे रंग दुरुस्त करतात. आधी रंग खरे करायचे, मग सुंदर, असा त्यांचा शिरस्ता. खोलीच्या भिंती राखाडी, पडदे राखाडी, अंगातला कुडताही राखाडीच. काम करता करता त्या मध्येच मान वळवून भिंतीकडे बघत बसतात. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या गप्पांना कंटाळल्या.

"डोळ्यांना विश्रांती देतेय," त्या म्हणाल्या. "कंटाळले की मी तसं सांगते." आणि खरंच सांगतात.

मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ मी त्यांच्याकडेच दिला. पाठवणीच्या वेळी आपण अजिबात रडलो नाही, हे माझं अख्ख्या सोसायटीला ऐकवून झालं होतं. पडद्यावर मात्र माझं नाक टोमॅटोसारखं दिसत होतं.

"मंडपाच्या लाल कापडाची झाक आलीय," मी जाणकाराच्या थाटात म्हणालो. "तेवढी काढून टाका."

त्यांनी पडद्यावरच्या माझ्या सदऱ्यावर बोट ठेवलं. "काका, हा पांढरा होता ना?"

"पांढराशुभ्र. नवाकोरा."

"इथेही पांढराच दिसतोय. कापडाची झाक असती तर सदऱ्यावरही आली असती. लाल तुम्हीच झालायत."

मी हसायला गेलो. तेवढ्यात पडद्यावरच्या मुलीने गाडीत बसताना मागे वळून पाहिलं आणि माझं नाक पुन्हा वाहायला लागलं.

बाईंनी मान भिंतीकडे वळवली. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांना फारच वेळ विश्रांती लागली.