नव्वद ब्रास माती

थोरल्या भावाचं दहा गुंठ्यांचं भातखाचर दोन वर्षांसाठी खाणीला दिलं, त्याची बोलणी मी केली. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात आता मला सोडून सगळे तेच सांगतात आणि प्रत्येक जण थोडं वाढवून सांगतो.

घोडेगावातून आहुप्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आमचं गाव. सतराव्या वर्षी मी तिथून निघालो, दुसऱ्याच्या जेसीबीवर क्लीनर म्हणून राहिलो. आज माझ्या स्वतःच्या दोन मशिनी आहेत. मला कुणी काही दिलं नाही. जे मिळवलं ते समोरच्याशी भांडून मिळवलं. म्हणूनच रस्त्याच्या कामाला खडी लागणार, आणि चांगला काळा दगड आपल्याच खाचराखाली निघाला, असं कळल्यावर भावानं मला बोलावून घेतलं.

त्याची अट एकच होती. आमच्या डोंगरात नवं खाचर करताना आधी वरची वीतभर काळी माती पाट्यांनी काढून उंच जागी ठेवतात. पावसानं वाहू नये म्हणून तिच्यावर कारवीच्या काट्या घालतात. खालचा मुरूम सपाट झाला की ती माती परत वर पसरतात. भावानं आणि वहिनीनं ते खाचर असंच केलं होतं. लग्नानंतरचे तीन उन्हाळे त्यातच गेले होते.

"दगूड न्या, आमचं काय न्हाई," भाऊ खाणवाल्याला म्हणाला. "पर काळी माती येगळी ठिवायची. वढ्यापासून लांब, वरल्या अंगाला. आन काम झालं की तीच परत टाकायची."

"वरच्या अंगाला डंपर चढत न्हाई, राव," खाणवाला म्हणाला. "वढ्याच्या कडंला ढीग मारू."

मला तिथंच सौदा दिसला. मी म्हणालो, "ओढ्याकडं टाका. पण वाहून जाईल ती तुम्ही भरून द्यायची. ऐंशी ब्रास निघेल, नव्वद ब्रास परत करणार असं लिहा."

त्यानं लगेच लिहिलं. इतक्या लवकर कुणी हो म्हणालं की एरवी मी उठून जातो. त्या दिवशी मी खूश झालो.

भाऊ म्हणाला, "आमाला जादा नको. आमचीच पायजे."

"दादा, तुला कळत नाही त्यात तोंड घालू नको," मी म्हणालो. खाणवाल्यासमोर म्हणालो. तो हसला, मीही हसलो.

श्रावणात वहिनीचा फोन आला. "भावजी, ढिगाचा पाया वढ्यानं खाल्ला. पानी नुसतं चिखुल चाललंय. खालच्या बाया रिकामं हंडं घेऊन माघारी गेल्या. एक दिस मशीन आना आन ढिगाच्या वरल्या अंगानं चर मारून द्या, म्हंजी पानी बाजूनं जाईल."

माझ्या दोन्ही मशिनी तेव्हा जुन्नरकडं कामावर होत्या. एक दिवस काढता आला असता. मी म्हणालो, "जाऊ दे वाहून. जितकी जाईल तितकी त्याच्या उरावर बसून घेतो. लेखी आहे."

आठ दिवसांनी तिनं पुन्हा फोन केला. मी साइटवर होतो, डोकं तापलेलं होतं. "तुम्हाला वाचता येत नाही म्हणून भीती वाटते," मी म्हणालो. "सारखं रडगाणं लावू नका." त्यानंतर तिनं फोन केला नाही.

खाणवाल्याचं काम संपलं तेव्हा उन्हाळा होता. खड्डा भरला आणि वर माती टाकायला डंपर आले. मी टेप घेऊन सकाळपासून उन्हात उभा. प्रत्येक डंपरची लांबी, रुंदी, उंची स्वतः घेतली. दोन डंपर अर्धे भरून आणले होते, ते आयमाय काढून परत पाठवले. संध्याकाळी माप नव्वदच्या वर गेलं.

भाऊ मूठभर माती घेऊन माझ्याकडं आला. ती पिवळट होती, हाताला खडे लागत होते.

"ही न्हवं," तो म्हणाला.

मला ते सकाळपासून दिसत होतं. पण दिवसभर मी जिंकत आलो होतो. "एक पाऊस पडला की काळी पडेल," असं म्हणून मी सही केली. भावानं माझ्या सहीकडं बघून खाली अंगठा केला.

पावसात भाताची आवणी झाली. खाचरात पाणी ठरेना. आज सोडलं की उद्या गायब. रोपं पिवळी पडून बसली. ओढ्याच्या खालच्या वळणावर ज्याचं खाचर आहे, त्याचं भात मात्र त्या साली कमरेएवढं झालं. आमची माती त्याच्या बांधाला येऊन बसली होती. भावाला रानात जायला त्याच बांधावरून वाट होती.

मी खाणवाल्याकडं गेलो. तो कागद घेऊनच बसला होता.

"पावणं, ब्रास तुमीच लिवायला लावलं," तो म्हणाला. "वढ्यानं नेली तेवढी मी खाणीतनं भरली. रंग कुटं लिवलाय, दावा."

मी त्याची कॉलर धरली. त्याच्या माणसांनी मला सोडवून खुर्चीत बसवलं. तो रागावलासुद्धा नाही. "ह्यांना च्या द्या," म्हणाला. "लई मोजलंय बिचाऱ्यांनी."

पुढच्या वर्षी गावात गेलो तर खाचराला बांध नव्हता. डंपर उभे होते. भावानं ती जागा त्याच खाणवाल्याला कायमची देऊन टाकली होती. घासाघीस नाही, बैठक नाही. तो जे म्हणाला त्याला भाऊ हो म्हणाला.

"अरे, त्याला ती जागा पाहिजेच होती," मी ओट्यावर उभा राहून ओरडलो. "दुप्पट आलं असतं. मला का नाही विचारलंस?"

भाऊ विळ्याला धार लावत राहिला. उत्तर वहिनीनं दिलं, दारातून, अगदी हळू आवाजात.

"तुमी आला असता म्हून."

मी चहा न घेता निघालो. दुप्पट आलं असतं, हे मी आजही म्हणतो.