शाहिराचं शेवटचं कडवं

टेपरेकॉर्डर घरात आला की गाणी साठतात, असं लोकांना वाटतं. आमच्या विट्याच्या घरात भांडणं साठली! त्यातली हसण्यासारखी कुठली, हे मी आत्ता आत्ता ठरवायला लागलेय. तेव्हा प्रत्येक वेळी मी घाबरलेलीच होते.

माझ्या पाटल्या मोडून ह्यांनी मोठा स्पूलचा टेपरेकॉर्डर घेतला. कुंडलच्या वाटेवरच्या एका वाडीतले शाहीर जत्रेत गात होते, ते गाणं टेप केलं आणि लग्नांतून कर्ण्यावर वाजवायला सुरुवात केली. धंदा जोरात!

*

फलटणजवळच्या एका लग्नात पंगतीला पाहुणे म्हणून खुद्द शाहीर. हातातला घास हातातच राहिला.

"मी हितं जेवतोय, तर तिकडं कोन गातंय रं?"

शेजारी म्हणाला, "तुमचीच टेप हाय. लय बरं पडतं आवं, ती जेवत न्हाई!"

*

चार दिवसांनी शाहीर आमच्या दारात. "इचारलंवतं का मला?"

हे म्हणाले, "मशीन माझं, टेप माझी, वीज माझी."

"दावं तुजं, गोठा तुजा. म्हस कुनाची रं?"

हे बी.कॉम., मी बी.ए. तान्ह्या पोरीला पोटाशी धरून मी दाराआड उभी. दोन पदव्यांनी मिळून दाराला कडी लावली.

*

शाहीर सांगलीच्या वकिलांकडे गेले. (हे पुढं त्यांनीच सांगितलं.) वकिलांनी कॉपीराइटचा कायदा उघडला.

"गाणं लिहिलंय कुठं?"

"डोक्यात हाय."

"मग कोर्टात दाखल काय करायचं?"

शाहिरांनी फेटा उतरवला आणि टेबलावर डोकं टेकवलं. "हे करा दाखल!"

*

शाहीर वकिलाकडे गेल्याचं कानावर आलं. आता मशीन जप्त होणार, म्हणजे माझ्या पाटल्याच जप्त होणार! मी टेपचा डबा पाळण्यात दुपट्याखाली लपवू लागले. एका दुपारी दारात हवालदार.

"शाहिराची टेप हितंच हाय न्हवं?"

खोटं बोलायची सवय नाही. "हो," म्हटलं.

"मग भाचीच्या लग्नाला द्या की!"

*

शेवटी ह्यांनीच शाहिरांना निरोप धाडला, "तुमचा वाटा ठरवू."

शाहीर आले, टेप ऐकली आणि लालबुंद झाले. "वाटा ऱ्हाऊ दे. माजं शेवटचं कडवं कुटं गेलं?"

शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो. वेळ वाचवायला ह्यांनी नेमकं तेच कापलं होतं.

"गानं कुनाचं, हे लोकांस्नी कसं कळायचं? माज्या म्होरं पुसून टाक. न्हाईतर कोर्टात भेटू."

लग्नसराई तोंडावर. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोकळ्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हटलं, "पुसा."

पुसली.

पण पोरगी रोज दुपारी त्याच टेपवरचं गाणं ऐकत झोपायची! वेळ झाली, गाणं नाही. तिनं टाहो फोडला. मी जोजवलं, ह्यांनी खुळखुळा वाजवला. छे!

शाहीर उठले. पाळण्याची दोरी हातात घेऊन तेच गाणं बारीक आवाजात म्हणू लागले. तिसऱ्या कडव्याला तिचे डोळे मिटले. शाहीर थांबले.

हे दबकत म्हणाले, "शाहीर, शेवटचं कडवं? तुमच्या नावाचं?"

"गप रं," शाहीर कुजबुजले, "पोर निजलीया."